मिठाच्या पाण्यात

म्हाताऱ्याने ट्रॅमच्या नाकावर दोनदा थाप मारली, घोड्याच्या मानेवर मारावी तशी, आणि हातातली पावाची पिशवी सावरत तो पलीकडच्या फुटपाथवर चढला. मागे वळूनही पाहिलं नाही. एवढंच झालं होतं. त्याच्या क्षणभर आधी चाकं किंचाळली, घसरू नये म्हणून रुळांवर आपोआप वाळू सांडली, आतली उभी माणसं एकमेकांच्या अंगावर गेली, कुणाचा तरी फोन सीटखाली घरंगळला, आणि मग सगळं एकदम शांत. त्या शांततेत मागच्या डब्यातून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. जोसी कुताजारने आरशात पाहिलं. सगळी माणसं उभी होती, कुणाला खरचटलंही नव्हतं. सिडनी रोडवर ट्रॅम चालवण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. असे आंधळे म्हातारे, कानात गाणी कोंबलेली पोरं, सायकलवाले, सगळे तिने वाचवले होते, आणि अशा प्रत्येक वेळी तोंडातून एक शिवी निघून गेली की तिचं मन मोकळं व्हायचं. आज शिवी आली नाही. कारण शिवी द्यायला आधी घाबरावं लागतं, आणि घाबरायला आधी काहीतरी दिसावं लागतं. तिला आठवत होतं ते असं: गालिच्यांच्या दुकानापाशी एक मुलगी भलंमोठं वाद्य पाठीवर घेऊन चढली, दारात अडकली, हसली. आणि त्यानंतर एकदम काचेवर म्हाताऱ्याचा तळहात. मधे काही नाही. मधले दोन थांबे, एक सिग्नल, म्हाताऱ्याचं रस्त्यावर उतरणं, ब्रेक, सगळं कुणीतरी कात्रीने कापून नेल्यासारखं. उजवा पाय ब्रेकवर घट्ट रोवलेला होता. तिने खाली पाहिलं. पाय तिचाच होता, बूटही तिचाच. पण तो तिथे कुणी ठेवला होता?

डेपोत मात्र तिचं कौतुकच झालं. हाकान हा तिथला प्रशिक्षक. मिशीला कलप लावणारा, मोठ्या आवाजाचा, कोणे काळी तिच्याच हाताखाली ट्रॅम शिकलेला. त्याने पुढच्या कॅमेऱ्याचं चित्रण मोठ्या पडद्यावर लावलं आणि चहाला जमलेल्या सगळ्यांना हाक मारली. "या रे, बघा. म्हाताऱ्याचा पाय अजून फुटपाथवरनं उतरलाही नाहीये, आणि आमच्या बाईंचा ब्रेक लागलासुद्धा! ही काय ज्योतिषी आहे का काय?" कुणीतरी केक आणला होता. जोसी पडद्याकडे पाहत राहिली. रस्ता तिचा, वेळ तिची, पण चालवणारी दुसरीच कुणीतरी होती, आणि ती फार चांगली चालवत होती. गालिच्यांच्या दुकानापासून पुढे सिग्नलला तिने हळुवार वेग कमी केला, एका डिलिव्हरीवाल्याला घंटा दिली, थांब्यावर दारं उघडली, मिटली. कुठे धक्का नाही, कुठे घाई नाही. ही जी कोण बाई होती तिला जोसीची गरजच नव्हती. "बोल की काहीतरी," हाकान म्हणाला. "केक चांगला आहे," जोसी म्हणाली, आणि सगळे हसले.

नियम असा होता की असा ब्रेक लागला की काही दिवस सुट्टी, आणि मग प्रशिक्षकाला शेजारी बसवून एक फेरी मारायची. नावापुरती. "सोमवारी ये, मला फिरवून आण, मंगळवारपासून तू तुझी मोकळी," असं हाकानने सांगून टाकलं होतं. सोमवारपर्यंत करायचं काय, हा प्रश्न होता. दिवसा ती कपाटं आवरायची. रात्री झोपेत तिचा पाय ब्रेक मारायचा. तिचा नवरा सॅव नळजोडणीची कामं करायचा. दिवसभर गुडघ्यावर बसून आल्यावर त्याला झोप प्यारी, पण एका शब्दाने तक्रार केली नाही. सकाळी चहाच्या वेळी पँट वर करून नडगीवरचा निळा डाग तेवढा दाखवला. "कालच्या रात्री तू मला ब्रन्सविकपासून शहरापर्यंत प्रत्येक थांब्यावर थांबवलंस. तिकीट तरी दे." ती हसली. हसताना तिला वाटलं, आत्ता सांगावं. आत्ता, हा लोणी लावतोय तोवर. सॅव, मला तो ब्रेक आठवत नाही. सहा शब्दांचं वाक्य. पण ते बोललं की त्याच्या मागे उभं असलेलं दुसरं वाक्य घरात शिरणार होतं, आणि ते दोघांनाही माहीत होतं. ते म्हणजे, माचं, तिच्या आईचं, असंच सुरू झालं होतं.

माचं कसं सुरू झालं ते खरं तर कुणालाच सांगता येत नव्हतं. सगळ्यांच्या लक्षात आलं ते सनशाइनच्या बाजारात, मा मासेवाल्यासमोर हातात पाकीट धरून उभी राहिली आणि आपण इथे का आलो हे तिला सुचेना, त्या दिवशी. पण जोसीला वाटायचं, ते त्याच्या कितीतरी आधी सुरू झालं असणार. मा पिठाची पारी लाटत होती, रिकोटा चीज भरत होती, कडा दुमडून पास्टिझीच्या होड्या ओळीने मांडत होती, भट्टी लावत होती, आणि तेव्हाही मधे मधे ती तिथे नसणार. कळलं नाही, कारण हात चुकले नाहीत. गोझो बेटावरून जहाजाने आली तेव्हा मा आपल्यासोबत लेस विणायची लांबोडकी उशी घेऊन आली होती. माणसांची नावं गेली, घराचा पत्ता गेला, बाबा वारले हे गेलं, तरी सेंट अल्बन्सच्या त्या वृद्धाश्रमात खिडकीशी बसून मा त्या उशीवर दोऱ्याच्या लाकडी चात्या अशा फिरवायची की पाहणाऱ्याची नजर ठरू नये. टकटक, टकटक, आणि खालून पांढरी जाळी उतरत जायची, बिनचूक. तिथल्या परिचारिका नव्या माणसांना मुद्दाम आणून दाखवायच्या. "बघा तरी, किती सुंदर!" जोसीला ते बघवायचं नाही. तिला त्या हातांचा राग यायचा. घरधनी निघून गेलाय, दिवे जळतायत, पंखे फिरतायत, आणि रस्त्यावरचे लोक म्हणतायत, काय घर आहे! दर गुरुवारी ती माच्या समोर खुर्ची ओढून बसायची आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "मा, मी कोण? सांग बघू. मी कोण?" कधी उत्तर यायचं. अलीकडे नाही यायचं. मग ती स्वतःच सांगायची, "मी जोसी. जोसी, मा." जरा जोरातच.

तरंगायच्या टाकीची कल्पना रोवेनाची. जोसीची लेक दातांच्या दवाखान्यात काम करायची आणि जगातल्या सगळ्या दुखण्यांवर तिच्याकडे काहीतरी नवं असायचं. "मम, एक तास नुसतं पडून राहायचं. मिठाचं पाणी, काळोख, आवाज नाही, वजन नाही. आमच्या डॉक्टरीणबाई दर महिन्याला जातात."

"काळोखात पडून राहायला पैसे कशाला? घरात पलंग आहे."

"पलंगावर तू पप्पांना लाथा मारतेस."

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यांनी डाग दाखवला ना मला. फोनवर फोटो पाठवला." आणि ती आईला ओळखून होती म्हणून पुढे म्हणाली, "तुझ्या वाढदिवसाचं समज. पैसे परत देत नाहीत ते लोक."

गुरुवारी दुपारी जोसी तिथे पोचली तेव्हा तिच्या मनात फक्त एकच हिशोब होता: इथून निघून माच्या भेटीला वेळेवर पोचायचं. जागा सिडनी रोडलाच लागून होती, लग्नाच्या झग्यांच्या एका दुकानामागे. या दुकानासमोरून ती हजारो वेळा गेली असेल, पण मागे असं काही आहे हे माहीत नव्हतं. आत लाकडाचा, ओल्या टॉवेलचा वास. ब्रायोनी नावाची उंच, चाळिशीची बाई अनवाणी फिरत होती आणि इतकी हळू बोलत होती की जोसीला दोनदा "काय?" म्हणावं लागलं.

"पहिलीच वेळ?"

"पहिली आणि शेवटची."

ब्रायोनी गोड हसली. असं म्हणणारी माणसं तिला रोज भेटत असणार. आधी अंघोळ करा, कानात हे मेणाचे गोळे घाला, अंगावर काही नको, डोळ्यांना हात लावू नका, लावलाच तर ही बाटली, यात साधं पाणी आहे. झाकण नको वाटलं तर उघडं ठेवा. दिव्याचं बटण डाव्या हाताला. वेळ संपली की संगीत सुरू होईल. "बुडणार नाही तुम्ही. बुडायचं म्हटलं तरी बुडता येणार नाही. फक्त डोकं सोडा. सगळ्यांना डोकंच सोडवत नाही."

"सोडलं तर परत मिळतं ना?" जोसी म्हणाली. तिला विनोद करायचा होता, पण आवाज तसा आला नाही.

टाकी म्हणजे एक मोठा पांढरा शिंपला. पाणी जेमतेम गुडघाभर, आणि कोमट. इतकं बेमालूम कोमट की पाय घातला तरी पाय पाण्यात आहे की बाहेर ते समजेना. ती बसली तर पाण्याने तिला बसू दिलं नाही. ढुंगण वर, पाय वर, बुचासारखी ती उलटी झाली आणि तिच्या तोंडून हसू फुटलं. या वयात, या देहाचं बूच! तिने झाकण ओढलं, बटण दाबलं. काळोख झाला. असा काळोख तिने बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. घरात रात्रीसुद्धा घड्याळाचे आकडे असतात, रस्त्यावरचा दिवा असतो, फोन उशाशी लुकलुकतो. इथे डोळे उघडे काय नि मिटलेले काय. तिने खात्री करायला तीनचारदा उघडमीट केली. मग मान दुखायला लागली. पाणी धरून ठेवतंय हे कळत असूनही ती डोकं उचलून धरत होती, एखाद्या परक्याच्या गाडीत मागच्या सीटवर अवघडून बसावं तसं. सोड, तिने स्वतःला सांगितलं. मान सैल केली. कान पाण्याखाली गेले आणि हृदय एकदम आत आलं. आत म्हणजे कानांत, दातांत, टाकीच्या भिंतींत. धप, धप. हे सदोदित चालू असतं आणि आपण वर गप्पा मारत असतो! तिने नको म्हणून डोकं पुन्हा उचललं. पुन्हा टेकलं. नाकाच्या शेंड्यावर खाज आली. हात लावायचा नाही. खाज वाढत गेली, नाकाएवढी झाली, चेहऱ्याएवढी झाली, आता सगळी जोसी म्हणजे एक खाज. तिने हात वर काढला, नाक चोळलं, आणि मनगटावरून ओघळलेला एक थेंब डोळ्यात गेला.

डोळा पेटला. ती ओरडली, बटण शोधताना खांदा भिंतीवर आपटला, झाकण ढकललं, बाटली सापडेना, सापडली, पाणी डोळ्यात कमी आणि गालावर जास्त गेलं. मग ती टाकीच्या कडेवर नागडी, मिठाने बुळबुळीत, एक डोळा मिटून बसून राहिली. समोरच्या भिंतीवरच्या आरशात एक जाडसर, पिकल्या केसांची, लाल डोळ्याची बाई होती. जा घरी, ती त्या बाईला म्हणाली. रोवेनाला सांग, छान होतं. पण घरी म्हणजे कपाटं, आणि कपाटांनंतर सोमवार. आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण इथे आराम करायला आलेलोच नाही. ती इथे शोधायला आली होती. जिथे बघायला काही नाही, ऐकायला काही नाही, तिथे तरी तो कापून नेलेला तुकडा सापडेल. गालिच्यांच्या दुकानापासून म्हाताऱ्याच्या तळहातापर्यंत. सापडला तर ती ठीक होती. नुसता विसर पडला होता, किल्ल्या कुठे ठेवल्या विसरावं तसा. नाही सापडला तर. तिने पुढचं वाक्य पुरं केलं नाही. पुन्हा आत गेली, झाकण ओढलं, डोकं या वेळी सरळ पाण्यात टाकलं, जे काय व्हायचं ते होऊ दे म्हणून.

मुलगी वाद्य घेऊन चढली. दारात अडकली. हसली. दार मिटलं. पाय उचलला, ट्रॅम सुटली. आणि? तिने पुन्हा सुरुवात केली. मुलगी, दार, हसू. डाव्या हाताला गालिचे, बाहेर टांगलेला लाल गालिचा वाऱ्याने हलतोय. पुढे मिठाईचं दुकान असणार, पुढे बंद पडलेलं सिनेमागृह असणार. असणार, कारण ते तिथे असतंच. हे आठवत होतं की माहीत होतं? तिला फरक सांगता येईना. तिने सिग्नल लाल केला, हिरवा केला, दोन्ही खरे वाटले. म्हाताऱ्याला उतरवून पाहिलं. तो हाकानच्या पडद्यावरच्यासारखाच उतरला, त्याच कोनातून. म्हणजे तो पडद्यावरचाच होता. तिने इतकी ओढाताण केली की पाय खरंच हलला आणि सगळं पाणी हेलकावलं, तिचं डोकं हळूच एका भिंतीला जाऊन टेकलं, मग पाय दुसऱ्या भिंतीला. मग पाण्यात एक बारीक थरथर आली. बाहेरून, जमिनीतून. पाठीच्या कण्याला ती आधी कळली. जुनी ट्रॅम, शहराकडे चाललेली, पुढचं चाक एका जागी झिजून चपटं झालंय, उतारावर जरा जास्त पळवतोय कोणीतरी. हे सगळं तिने ठरवलं नव्हतं. ते आपोआप येऊन पाठीवर उमटलं होतं, तिला न विचारता, आणि ती चिडली. तुला कुणी विचारलं? ती पाठीला म्हणाली. मी दुसरंच काहीतरी विचारतेय, त्याचं उत्तर दे की!

थरथर गेली. पाणी निवलं. भांडायला समोर कुणी राहिलं नाही. मा पहिल्यांदा कधी गेली असेल, तिच्या मनात आलं. बाजारातली नव्हे, त्याच्याही आधीची, एकटीची, पहिली वेळ. कदाचित मा चुलीशी उभी असेल, भानावर आली असेल, कालथा हातात, कांदा नीट लाल झालेला, आणि तिने कालथ्याकडे पाहिलं असेल, जसं मी पायाकडे पाहिलं. आणि मग तिनेही कुणाला सांगितलं नसेल. संध्याकाळी आम्ही सगळे जेवलो असू, जेवण चांगलं झालंय म्हटलं असू, आणि मा म्हणाली असेल, हो, कांदा चांगला होता. हा विचार आला आणि जोसीच्या छातीवर कुणीतरी मोठा दगड ठेवल्यासारखं झालं, पण दगड ठेवायला छाती कुठे होती? ती शोधू लागली. हात पोटावर होते की बाजूला? बोटं हलवली तर बोटं होती, थांबवली तर नव्हती. पाठ केव्हाच विरघळली होती. पाणी कुठे संपतं आणि ती कुठे सुरू होते ती रेघ आधी पुसट झाली, मग गेली. धप, धप एवढं राहिलं, तेही आता तिचं नव्हतं, कुठल्या तरी शेजारच्या घरात कुणीतरी काहीतरी कुटत होतं. लाल गालिचा हलत होता. गालिचा नव्हता, नुसता लाल होता. मग

संगीत. कुठून तरी दुरून बासरीसारखं काही. जोसीने ते ऐकलं आणि आधी कळेना की ऐकणारी कोण आहे. मग एकदम सगळं परत आलं, मान, नाक, डोळा, सोमवार, आणि तिने धडपडत झाकण उघडलं. तास संपला होता. तिला वाटत होतं फार तर अर्धा. उरलेला गेला. पुन्हा गेला! ती शोधायला आली होती आणि आणखी एक तुकडा घालवून बसली होती. अंघोळ तिने घाईत उरकली, केसांतलं मीठ नीट धुतलं गेलं नाही, बटणं चुकीच्या काजांत गेली.

बाहेर ब्रायोनीने गवती चहाचा पेला पुढे केला. "कसं वाटलं?"

"मी झोपले का आत?"

"झोप वेगळी. झोपलात तर घोरला असतात, मला ऐकू येतं." ब्रायोनी हळूच हसली. "गेला होतात तुम्ही. पहिल्या वेळी फार थोड्यांना जमतं हो. लोक यासाठीच तर येतात. एक गृहस्थ वर्षभर येतायत, बिचाऱ्यांना अजून स्वतःला सोडून जाता येत नाही."

"पैसे देऊन?"

"आता तुम्ही तीन वेळांचं एकत्र घेतलंत तर—"

"बाई," जोसी म्हणाली, तिचा आवाज त्या जागेला न शोभण्याइतका चढला, "मी ट्रॅम चालवते. माझ्या मागे शंभर माणसं उभी असतात. मला जायचं नसतं कुठे. मला तिथे असायचं असतं." ब्रायोनीचं हसू तसंच राहिलं, पण ती एक पाऊल मागे सरली. जोसीने चहा तसाच ठेवला, मग दाराशी गेल्यावर परत आली, "माफ करा," म्हणाली, आणि उभ्याउभ्या दोन घोट प्यायली, कारण बाईची काही चूक नव्हती.

सेंट अल्बन्सला जायला दोन बस बदलाव्या लागल्या. दोन्हीत ती ड्रायव्हरच्या मागे उभी राहिली आणि प्रत्येक वळण, प्रत्येक सिग्नल मनात मोठ्याने म्हणत राहिली, एकही निसटू नये म्हणून. पोचली तोवर तिचं डोकं ठणकत होतं. मा खिडकीशी होती. उशी कुणीतरी उचलून कोपऱ्यात ठेवली होती, चहाची वेळ झाली होती. जोसीने खुर्ची ओढली, वाकून माच्या गालाला गाल लावला, आणि नेहमीचा प्रश्न तोंडाशी आला. मी कोण? तो तिथेच राहिला. आज तिला स्वतःलाच तो नीट विचारता आला नसता. तिच्या कोरड्या झालेल्या केसांची एक बट माच्या ओठांवर घासली. माने जीभ फिरवली. मग बट बोटात धरून पाहिली, उजेडात वळवली, आणि तिच्या चेहऱ्यावर एक लबाड, कोवळं हसू आलं.

"गेली होतीस ना समुद्रावर?" मा म्हणाली. गावाकडच्या, बेटावरच्या बोलीत, जी ती अलीकडे बोलतच नव्हती. "केस बघ, नुसता झाडू झालाय. आई सोलून काढेल तुला, करमेना."

करमेना ही माची धाकटी बहीण. पोहायची म्हणून मार खायची. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. एरवी जोसी लगेच म्हणाली असती, करमेनामावशी नाही गं, मी जोसी. जोरात. आज नाही. करमेना तर करमेना. थोड्या वेळापूर्वी ती कुणीच नव्हती.

"सांगू नको आईला," जोसी म्हणाली.

"मी कशाला सांगू? मी तुझी कधी चुगली केलीय?" माने खुर्ची जवळ घ्यायची खूण केली, दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "बरं झालं आज तू आलीस. नाहीतर ती येते."

"कोण?"

"ती गं एक. जाडशी. चांगली आहे, केळी आणते. पण आली की परीक्षा घेते. मी कोण सांग, मी कोण सांग. अगं, मला माहीत असतं ती माझी आहे. नाव तेवढं येत नाही. नाव नाही आलं की तिचं तोंड असं होतं—" आणि माने तोंड केलं. हुबेहूब. ओठ आत ओढलेले, भुवया वर, रडू दाबणाऱ्या मुलीचं तोंड. जोसीला ते तोंड आतून ओळखीचं होतं, बाहेरून तिने ते पहिल्यांदाच पाहिलं. "मग मला वाटतं, माझंच काहीतरी चुकलं. घाबरट आहे पोर, लहानपणापासून. दिवा मालवू द्यायची नाही."

परिचारिका चहाचे पेले ठेवून गेली. जोसीने माच्या चहात साखर घातली, ढवळली, ढवळत राहिली.

"आणि तू?" तिने विचारलं. "तुला नाही भीती वाटत?"

मा खिडकीकडे वळली. जोसीला वाटलं प्रश्न कुठेतरी वाटेत गळून पडला. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

"वाटते," मा म्हणाली. "मधेच कुठेतरी जाते मी, परत येते तर सगळं हललेलं असतं. पहिल्यांदा झालं तेव्हा तर इतकी घाबरले, कुणाला बोललेच नाही. कुणाला सांगणार? माझा दादला म्हणाला असता, वेडी झाली. पोरं लहान." तिने चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "किती साखर घातलीस, बये!"

"सांगायचं होतंस," जोसी म्हणाली. "मला सांगायचं होतंस."

"आता सांगितलं ना?"

जोसी उठली. व्हरांड्यात एका म्हाताऱ्या गृहस्थांची चाकाची खुर्ची उन्हात लावून ठेवली होती, ते पेंगत होते. त्यांच्या शेजारी उभं राहून तिने हाकानला फोन लावला.

"काय ज्योतिषी! सोमवारी सकाळी—"

"सोमवारी नाही, हाकान. आधी मला डॉक्टरांकडे जायचंय. डोक्याच्या."

"का गं? आपटलं कुठे?"

"तो ब्रेक मी लावला नाही." ती थांबली. "म्हणजे लागला. मला आठवत नाही. त्या आधीचे दोन थांबेही आठवत नाहीत. मी नव्हते तिथे. तुमचा केक मी उगाच खाल्ला."

पलीकडे डेपोचा आवाज होता, कुणीतरी लोखंडी दार ओढत होतं. हाकान बोलला तेव्हा त्याचा आवाज बारीक झाला होता. "जोसी, हे तू मला सांगितलंस की मला ते वर कळवावं लागतं. मग तुला कधी परत घेतील ते माझ्या हातात नाही. घेतील का, तेही. तुला माहीतेय ना?"

"माहीतेय."

"सॅवला सांगितलंस?"

"आता सांगते."

"थकल्यामुळेही होतं असं," हाकान म्हणाला. "शपथेवर सांगतो. मला स्वतःला—" मग त्याने ते सोडून दिलं. "असेल तसं असेल. कळव मला."

सॅव एका बाथरूममध्ये फरशीखाली कुठेतरी होता. फोनमध्ये पाणी ठिबकत होतं. तिने त्यालाही तेच सांगितलं, तेवढ्याच शब्दांत. तो काही विनोद करेल असं तिला वाटलं. त्याने विनोद केला नाही. "तिथेच थांब," तो म्हणाला. "निघतो मी. आणि ऐक, जोस—" आणि मग नुसता श्वास ऐकू आला, आणि मागे ठिबकणारं पाणी. तिने घाई केली नाही. कान लावून ती ते सगळं ऐकत उभी राहिली.

ती परत आत गेली तेव्हा ऊन खिडकीतून सरकून जमिनीवर आलं होतं. मा दाराकडेच बघत होती. जोसी दारात क्षणभर थांबली. माने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्या नजरेत करमेना होती की परीक्षा घेणारी होती की आणखी कुणी, ते कळायला मार्ग नव्हता.

"आलीस?" मा म्हणाली.

"आले," जोसी म्हणाली, आणि दुसरं काही न सांगता तिच्याजवळ बसली.